एमबीएची वही, बाजाराची पिशवी

दुसऱ्या सत्राच्या पहिल्या तासाला सरांनी हजेरी घेतली, खडू उचलला आणि फळ्यावर एवढंच लिहिलं : ‘दर आठवड्याला एक संकल्पना घरच्या कामात वापरायची. एक पान लिहून आणायचं.’ कुणीतरी विचारलं, कंपनीचं उदाहरण चालेल का? चालणार नाही, म्हणाले. कंपनीत चूक झाली तर तिचा अहवाल लिहितात; घरात झाली तर त्याच रात्री ताटात दिसते.

मला ती अट फार आवडली. मी शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे, वय चौतीस, आणि एमबीएला प्रवेश घेतला तो हट्टाने. शनिवार-रविवार मालवणहून एसटीने कुडाळला जायचं, दिवसभर तास करायचे आणि परतीच्या गाडीत खिडकीशी बसून तेच पुन्हा वाचायचं. वाचलेलं कुठेतरी लावून बघावं असं सारखं वाटायचं, आता तर त्याला गुणही मिळणार होते. घरी सासूबाई, सासरे, नवरा आणि आठ वर्षांची लेक. बाजारहाट बहुतेक माझ्याकडेच. त्या सत्रात लिहिलेली बारा पानं मी जपून ठेवली आहेत. काहींमध्ये सांगण्यासारखं फारसं नाही. जी वही न उघडताही आठवतात, ती इथे लिहिते.

पहिलं पान मासळी बाजाराचं. त्या आठवड्याचा विषय वाटाघाटी. रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी १९८१ साली मांडलेली एक कल्पना सरांनी शिकवली होती : सौदा फिसकटला तर आपल्या हातात दुसरं काय आहे ते आधी नक्की करायचं आणि मगच भाव करायला बसायचं. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘बॅटना’ म्हणतात. माझा बॅटना होता घरातली सहा अंडी. त्यामुळे बाजारात शिरताना मला एक वेगळाच धीर होता.

सहा बांगड्यांचा वाटा मावशींनी दीडशेला सांगितला. मी शंभर म्हटलं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, वाट्यावर पाणी शिंपडलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागल्या. वर्गात सांगितलं होतं तशी मी उठले आणि सावकाश चालू लागले. पंधरा पावलं झाली. मागून हाक आली तेव्हा वाटलं, जमलं.

‘गो बाय, सासूक सांग, तिची सुंगटां काढून ठेवलंय. पिशवी घेऊन जा. बांगडे पण ने. शंभर तर शंभर, पैशे मगे बगूया.’

कोळंबी आणि बांगडे घेऊन मी घरी आले आणि पन्नास रुपये वाचवल्याचं सासूबाईंना सांगितलं. त्यांनी पिशवी उघडून बांगड्यांचे कल्ले बघितले, खूश झाल्या, आणि मग विचारलं, ‘तुका दर सांगल्यान?’ मी म्हटलं, हो, दीडशे. त्या जरा गप्प झाल्या. ‘माका ती कदी दर सांगूक नाय,’ म्हणाल्या.

तेव्हा कुठे मला कळलं की त्या दोघींचं खातं बावीस वर्षांचं आहे. आमच्या माडांचे नारळ त्यांच्याकडे जातात, सोलं जातात, पावसात मासेमारी बंद असते तेव्हा तांदूळ जातात. बदल्यात वर्षभर मासळी येते, आणि दिवाळीच्या आधी कधीतरी दोघी पायरीवर बसून अंदाजाने हिशेब मिटवतात. त्या हिशेबात दर नसतो. दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वतः बाजारात गेल्या आणि मावशींना चार नारळ देऊन आल्या. सुनेने घासाघीस केली त्याबद्दल.

हे सगळं मी पानावर जसंच्या तसं लिहिलं. सरांनी लाल शाईने खाली लिहिलं, ‘चार नारळांचा खर्च धरला का?’ धरला तर मी तोट्यात होते. पुढच्या तासाला त्यांनी रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांच्या संगणक स्पर्धेबद्दल सांगितलं. १९८०च्या सुमाराला त्यांनी जाणकारांकडून प्रोग्रॅम मागवले आणि त्यांना एकमेकांविरुद्ध पुन्हा पुन्हा तोच डाव खेळायला लावला. सगळ्यांत साधा प्रोग्रॅम जिंकला. तो अनातोल रॅपोपोर्ट यांनी पाठवला होता आणि त्याचा नियम एवढाच, की पहिल्यांदा सहकार्य करायचं आणि नंतर समोरचा जसा वागेल तसं वागायचं. मी वर्गात हात वर करून सांगितलं, हे आमच्या घरी बावीस वर्षं चाललंय. सरांनी तो नारळांचा हिशेब फळ्यावर मांडायला लावला आणि अर्धा तास त्यावरच बोलणं झालं.

मासळीचं आणखी एक पान आहे. सकाळी पेपर विकणाऱ्याने किती प्रती घ्याव्यात, या गणिताला व्यवस्थापनात मोठं नाव आहे. उरलेला पेपर संध्याकाळी रद्दी होतो, म्हणून विक्रेता शेवटी मिळेल त्या भावाला तो काढतो. मासळीचंही तसंच. तर मग आपण शेवटीच का जाऊ नये? एका बुधवारी मी मुद्दाम दिवेलागणीला बाजारात गेले. एका बाईंच्या पाटीत तारली उरली होती. मी दर विचारला, त्यांनी वीस सांगितला, मी पंधरा म्हटलं. मग त्यांनीच मला विचारलं, ‘तुमचे माड किती?’ मला प्रश्न कळेना. ‘ह्यां माडाच्या मुळात घालूक काढून ठेवलंय,’ त्या म्हणाल्या. खत म्हणून. मी बारकाईने बघितलं तर माशांचे डोळे आत गेलेले. दिवसभरात पन्नास जणींनी उलटसुलट करून नाकारलेला माल पाटीत उरतो, त्याचा भाव उतरतो तो नुसत्या वेळेमुळे नाही. ती तारली मी पंधराला घेतली आणि दोन माडांच्या मुळाशी पुरली. त्या पानाला मला दहापैकी नऊ मिळाले.

रेशनच्या रांगेचं पान मात्र मला जास्त जवळचं आहे.

जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक नियम आहे. रांगेतली माणसं भागिले तासाला सुटणारी माणसं, एवढ्या तासांनी आपला नंबर येतो. ऐकायला अगदी साधं, पण त्यामुळे कुठलीही रांग मोजता येते. महिन्याच्या चार तारखेला आमच्या दुकानासमोर अठरा माणसं होती. अंगठा लावायचा, मशीनने ओळख पटवायची, तांदूळ मोजायचे. तासाला वीस जण सुटतील असं धरलं तर चोपन्न मिनिटं. मी मोबाइलवर वेळ लावला आणि वहीत टिपत गेले. लागली एक तास चार मिनिटं. त्यातली पस्तीस मिनिटं फक्त तीन आज्यांना लागली होती.

या तिघींनी उभा जन्म काजू फोडण्यात घालवला आहे. काजूच्या टरफलात जे जळजळीत तेल असतं ते कातडी सोलून काढतं. राख लावून, तेल लावून कितीही जपलं तरी वर्षानुवर्षांनी बोटांवरच्या रेषाच पुसट होतात. अंगठा लावायचा, मशीन नाही म्हणायचं, पदराला पुसून पुन्हा लावायचा, मग दुसरं बोट. शेवटी मोबाइलवर ओटीपी मागवायचा. आणि मोबाइल नंबर जोडलेला मुंबईतल्या मुलाचा.

त्या दिवशी पहिल्या आजींनी मुलाला फोन लावला तो स्पीकरवर. तो लोकलमध्ये उभा होता. अख्खी रांग कान देऊन ऐकत होती. ‘आये, जरा थांब, अंधेरी येवंदे. खिशात हात घालूक गावणा नाय!’ अंधेरी आलं तोवर ओटीपीची मुदत संपली होती. पुन्हा मागवला. तेवढ्यात मागच्या एका आजोबांनी अंधेरीनंतर कुठलं स्टेशन येतं यावर वाद काढला, ते चाळीस वर्षं गिरणीत आणि मग गोदीत होते. बोरिवली येईपर्यंत आम्ही सगळे त्या लोकलमध्येच होतो.

पुढच्या महिन्यात मी घरून चिठ्ठ्या करून नेल्या. एक ते तीस आकडे. दुकानदाराची परवानगी घेतली आणि सगळ्यांना समजावलं, नंबर घ्या, घरी जा, तुमची वेळ मी चिठ्ठीवर लिहिली आहे, तेव्हा या. सगळ्यांनी चिठ्ठ्या घेतल्या. कुणीही घरी गेलं नाही. ज्यांच्या पिशव्या आणि चपला रांगेत लावून ठेवल्या होत्या त्यांनी चिठ्ठी पिशवीखाली ठेवली, वाऱ्याने उडू नये म्हणून, आणि पुन्हा वडाच्या पारावर जाऊन बसले. एका काकूंनी मला जवळ बोलावून सांगितलं की महिन्यातून एकदा एवढ्या जणी भेटतात, त्या वेळात दोन लग्नं जमली आहेत. नंबर लावायची पद्धत तिथे आधीपासूनच होती, चपलांची. माझ्या चिठ्ठ्यांची गरज नव्हती.

पण ती पस्तीस मिनिटं मला सोडवत नव्हती, कारण रांगेतल्या बाकीच्यांना ती जड जात नसली तरी त्या तिघींना जात होती. सगळ्यांसमोर बोटं पुसत उभं राहायचं आणि मशीनने पुन्हा पुन्हा नाही म्हणायचं, हे कुणालाही आवडत नाही. म्हणून एवढंच केलं, की तीन तारखेला रात्री त्या तिघींच्या मुलांना मी फोन करते. उद्या सकाळी नऊला ओटीपी येईल, त्या वेळी गाडीत चढू नका. तिघी दुकान उघडताच सर्वांत आधी जातात. बारा मिनिटांत तिघींचं आटपतं, मग रांग सुरू होते. सत्र संपलं तरी हे फोन चालू आहेत. कांदिवलीचा मुलगा आता आदल्या रात्री स्वतःच फोन करतो.

सासऱ्यांच्या पानाबद्दल थोडक्यात. डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ साली इंग्लंडचं कापड आणि पोर्तुगालची दारू घेऊन दाखवलं की ज्याने जे तुलनेने स्वस्तात होतं ते करावं. आमच्या घरात प्रवास सर्वांत स्वस्तात कोणाला होतो? मला एसटीत अर्धं तिकीट. सासरे सत्त्याहत्तर वर्षांचे, आणि पंच्याहत्तरीपुढच्यांना २०२२च्या ऑगस्टपासून एसटी फुकट. हिशेब स्वच्छ होता. कुडाळची सगळी कामं बाबांकडे. पहिल्या दिवशी ते मिक्सरचं भांडं दुरुस्त करून आणायला गेले आणि सातच्या गाडीने परत आले ते वेंगुर्ला-७ जातीची काजूची दोन कलमं घेऊन. भांडं दुकानदाराकडेच. ते आणायला दुसऱ्या दिवशी गेले, मग रोजच जायला लागले. स्टँडवर त्यांचे तीन जुने सोबती सापडले होते. महिनाभर आमच्या घरी पाट्यावर वाटप झालं, पण बाबांची झोप सुधारली आणि सांजवेळची कुरकुर थांबली. रिकार्डोच्या हिशेबात हा नफा कुठल्या रकान्यात लिहायचा हे मी सरांना विचारलं. त्यांनी नवा रकाना आखायला सांगितलं.

आता आंबा.

बाबांची हापूसची चौदा कलमं आहेत. दरवर्षी ओळखीतल्या लोकांना मुंबईला पेट्या जातात आणि दरवर्षी कोणीतरी म्हणतं, साका निघाला. साका म्हणजे काय ते हापूस पिकवणाऱ्याला सांगावं लागत नाही. बाहेरून फळ देखणं, पिवळंधमक, वास घमघमणारा, आणि कापलं की कोयीजवळचा गर पांढरट, भुसभुशीत, आंबट. बाहेरून कळत नाही. जमिनीची धग हे त्याचं एक कारण सांगतात, म्हणून बाबा उन्हाळ्यात कलमांखाली पाला पसरून ठेवतात. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने १९८१ साली नीलम आणि हापूसच्या संकरातून ‘रत्ना’ काढला, त्यात साका नाही. पण गिऱ्हाइकाला हापूसच हवा असतो.

जॉर्ज ॲकरलॉफ यांचा १९७०चा लेख शिकताना मला हेच सारखं डोळ्यांपुढे येत होतं. त्यांनी जुन्या मोटारींचं उदाहरण घेतलं आहे. विकणाऱ्याला गाडीचा दोष माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो, म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो, मग चांगली गाडी असणारा बाजारातच येत नाही. हा लेख आधी तीन नियतकालिकांनी नाकारला होता. त्याच कामासाठी २००१ साली ॲकरलॉफना नोबेल मिळालं. आंब्यात तर आणखी पुढची गोष्ट आहे, विकणाऱ्यालाही आत काय आहे ते दिसत नाही. २०१८ साली आपल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याने तो आंबा कुठला ते ठरतं, पण साक्याचं काय? अशा ठिकाणी विश्वास निर्माण करायचा एक मार्ग म्हणजे हमी. ज्याचा माल खराब तो हमी देऊ शकत नाही, त्याला परवडणार नाही. म्हणून हमी देणं हीच मालाची खूण होते.

मी बाबांना पटवलं. बारा पेट्या, पाच डझनांच्या, म्हणजे सातशे वीस आंबे. पेटी तीन हजार, म्हणजे आंबा पन्नासला. प्रत्येक पेटीत लेकीने सुंदर अक्षरात लिहिलेलं कार्ड ठेवलं : ‘साका निघाल्यास फोटो पाठवा. तेवढे पैसे परत.’ बाबांनी प्रत्येक फळ आधी पाण्याच्या घंगाळात सोडून बघितलं. जून फळ बुडतं, कोवळं तरंगतं. तरंगलेली बाजूला काढून लोणच्याला गेली.

दहा दिवसांनी फोटो यायला लागले. पहिल्या संध्याकाळी चार, दुसऱ्या दिवशी अकरा, आणि आठवड्याअखेर एकसष्ट. बाबांनी चष्मा लावला, वर भिंग घेतलं आणि माझा मोबाइल ताब्यात घेऊन पडवीत बसले. एकेक फोटो मोठा करून बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी मला हाक मारली आणि एका आंब्याच्या टोकावर बोट ठेवलं. ‘ही चोच बघ. हापूसाक चोच असता काय? ही पायरी.’ दुसऱ्या फोटोत आंबा नीट कापून ठेवला होता, खाली तो ज्या कागदात गुंडाळून आला तो वर्तमानपत्राचा तुकडा, आणि त्यावरची अक्षरं कानडी. आम्ही पेंढा वापरतो. एका घरातून एकाच आंब्याचे दोन्ही बाजूंनी काढलेले दोन फोटो होते. रात्री नऊपर्यंत बाबांनी निकाल दिला : एकोणीस आमचे नव्हेत.

विम्याच्या धड्यात याला नैतिक जोखीम म्हणतात. नुकसान दुसरा भरणार म्हटलं की माणूस निष्काळजी होतो, आणि काही जण त्याच्या पुढेही जातात. मी म्हटलं, बेचाळीसांचेच पैसे देऊया. बाबा म्हणाले, कार्डावर तू लिहिलंस, कुठल्या झाडाचा ते लिहिलं नव्हतंस. त्यांनी एकसष्टचे, म्हणजे तीन हजार पन्नास रुपये परत केले, आणि ते बरोबर होतं असं मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं. ज्यांनी पायरीचा फोटो पाठवला त्यांना मात्र त्यांनी फोन करून पायरी कशी ओळखावी हे वीस मिनिटं समजावलं.

दुसऱ्या खेपेला नऊ पेट्या होत्या. विमा कंपन्या जशी सुरुवातीची थोडी रक्कम गिऱ्हाइकाच्या अंगावर ठेवतात तशी मी कार्डाची भाषा बदलली : ‘पेटीतले पहिले दोन साके तुमचे. तिसऱ्यापासून आमचे. फोटोत कोय दिसावी.’ फोटो आले फक्त चार. मी इतकी आनंदले की त्याच रात्री पान लिहून टाकलं.

दोन दिवसांनी दादरहून बाबांच्या मावसबहिणीचा फोन आला. त्या ऐंशीच्या पुढच्या, बोलणं अगदी आर्जवी. सगळे आंबे उत्तम निघाले, म्हणाल्या. एकही वाईट नाही. फक्त एक विचारायचं होतं. ‘पहिले दोन साके तुमचे असं कार्डावर लिहिलंय, पण पेटीत ते सापडले नाहीत रे. पाठवायचे राहिले का?’ त्यांना वाटलं होतं, साका म्हणजे खास काढून ठेवलेलं काहीतरी. बाबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, राहिलेच, पुढच्या गाडीने पाठवतो. त्यांनी दोन निवडक रत्ना पाठवले. आत्याबाईंचा निरोप आला, साका फार गोड होता, पुढच्या वर्षी अख्खी पेटी साक्याचीच पाठव.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात घरात आगोटीची बोलणी सुरू झाली. पावसाळ्याआधी चार महिन्यांची बेगमी करायची, तिला आमच्याकडे आगोट म्हणतात. लाकडं, तांदूळ, कुळीथ, मसाला, पापड, सोलं, सुकी मासळी, आणि वाश्याला टांगलेल्या कांद्यांच्या माळी. आणि त्याच आठवड्यात आमचा धडा होता साठ्याच्या व्यवस्थापनाचा. टोयोटा कंपनीत ताइइची ओनो यांनी बसवलेली पद्धत, लागेल तेव्हा, लागेल तेवढंच. माल पडून राहिला की त्यात पैसा अडकतो, जागा जाते, तो खराब होतो. आमच्या माळ्याकडे बघितलं की मला हे सगळं तंतोतंत पटायचं. दरवर्षी सप्टेंबरात आम्ही किती कुजलेले कांदे फेकतो!

मी सूत्र घेतलं. फोर्ड हॅरिस यांनी १९१३ साली मांडलेलं, एका खेपेला किती माल आणावा याचं. मोसमात लागणारा माल गुणिले एका खेपेचा खर्च, त्याची दुप्पट, भागिले एक किलो साठवायचा खर्च, आणि आलेल्या आकड्याचं वर्गमूळ. आम्हाला दिवसाला तीनशे ग्रॅम कांदा लागतो, म्हणजे चार महिन्यांत छत्तीस किलो. स्कूटरने बाजारात जायला पेट्रोल दहा रुपयांचं. कांदा तीस रुपये किलो आणि दमट हवेत निम्मा जातो, म्हणून साठवण्याचा खर्च पंधरा. अठ्ठेचाळीसचं वर्गमूळ. उत्तर आलं सात किलो.

सासूबाई म्हणाल्या, वीस. मी त्यांना पान दाखवलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं, कुठे काय धरलं ते विचारलं, आणि म्हणाल्या, ‘तुझा असा तर तसा करूया.’ अठ्ठावीस मेला आम्ही सात किलो कांदा आणला. सुक्या मासळीचंही मी निम्म्यावर आणलं.

एक जूनला मासेमारी बंद झाली, ती एकतीस जुलैपर्यंत. तेवढं मी धरलं होतं. मृग बरा गेला. आर्द्रा लागल्या आणि पाऊस असा कोसळायला लागला की अंगणातली तुळस दिसेना. दुसऱ्या रात्री फणस तारांवर पडला, वीज गेली. खालच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी, स्कूटर बाहेर काढायची सोय नाही. आणि बरोबर त्याच दिवशी टोपलीतला शेवटचा कांदा संपला. सात किलोला तीनशे ग्रॅमने भागलं तर तेवीस दिवस येतात. सूत्राने काही चूक केली नव्हती.

दोन दिवस आम्ही कांद्याशिवाय काढले. तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंनी मला कंदील धरायला सांगितलं आणि शिडी लावून माळ्यावर चढल्या. भाताच्या कणगीमागे एक अख्खी माळ टांगलेली होती, दहा किलोची. शेजारी पत्र्याच्या डब्यात सुके बांगडे, गोलमो, कुळीथ. ‘तुझा गणित चुकला म्हणान न्हय,’ त्या वरून म्हणाल्या, ‘पावसाक गणित येना नाय म्हणान.’

त्या रात्री कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बांगडा जेवून मी कंदिलापाशी वही घेऊन बसले. माझं माहेर चिपळूणचं. २२ जुलै २०२१च्या पुरात माझ्या आईबाबांनी वरच्या मजल्यावर जे होतं त्याच्यावर दिवस काढले होते, ते मी फोनवर रोज ऐकत होते. ओनोंच्या पद्धतीला माल पुरवणारा जवळ आणि भरवशाचा लागतो. मी एका खेपेचा खर्च दहा रुपये धरला होता, तो मेमधल्या कोरड्या रस्त्याचा. पावसात रिक्षा करावी लागते, ती जाऊन-येऊन ऐंशी घेते, तीही मिळाली तर. दहाच्या जागी ऐंशी घातले आणि पुन्हा मांडलं. तीनशे चौऱ्याऐंशीचं वर्गमूळ. एकोणीस पूर्णांक सहा.

मी आतल्या खोलीत जाऊन सासूबाईंना उठवलं. वीस हा आकडा तुम्ही कसा काढलात, मला आत्ता सांगा. त्या झोपेतच होत्या. त्यांच्या सासूबाईंनी सांगितला होता, म्हणाल्या. दोन माळी वाश्याला मावतात, वारा लागतो. तिसरी शेजारी टांगली की तिन्ही कुजतात. म्हणून एक माळ्यावर, लांब. मी तिथेच खाटेशी बसून हे लिहून घेतलं. ते पान चार पानांचं झालं आणि सरांनी ते पुढच्या वर्षीच्या वर्गासाठी मागून घेतलं.

जुलैत परीक्षा झाली. नारळी पौर्णिमा झाली, होड्या गेल्या, बाजारात पुन्हा पाट्या लागल्या. पहिल्याच रविवारी मी गेले तेव्हा मावशींच्या पुढ्यात ताजी सुरमई होती. त्यांनी पावसाळ्यातली चौकशी केली, बाबांच्या एसटीची केली, निकाल कधी ते विचारलं. मी दर विचारला. त्यांनी सुरमईवर पाणी शिंपडलं, पाच तुकड्या कापून माझ्या पिशवीत टाकल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दर सांगायला लागल्या.

घरी सासूबाईंनी पिशवी घेतली. ‘कितीक दिल्यान?’

‘दर सांगितलाच नाही,’ मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पिशवी खाली ठेवली आणि सोलायला नारळ काढायला मागच्या पडवीत गेल्या.